उजळलेल्या वाटेचा धावपटू : जिम थॉर्प

वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्यावर उभे राहिले, तर धावणारी तरुण मुले-मुली हमखास दिसतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करीत असतो, कोणी सैन्यात जाण्याची, तर कोणी कबड्डीच्या संघात जागा मिळावी म्हणून घाम गाळीत असतो. घरच्यांच्या साऱ्या आशा त्या दोन पायांवर उभ्या असतात. यांपैकी जो जिंकतो त्याचा गावात सत्कार होतो, चौकात फलक लागतो. जो हरतो, जायबंदी होतो किंवा एका गुणाने मागे राहतो, तो मात्र हळूहळू नजरेआड होतो. काही महिन्यांनी कानावर येते की, तो कोणाशी बोलत नाही. पुढे कळते की, तो पिऊ लागला आहे. मग आपण एकतर त्याला नावे ठेवतो, नाहीतर घराण्याच्या अब्रूसाठी सारे झाकून ठेवतो.

ही दोन्ही उत्तरे कशी अपुरी आहेत, हे समजण्यासाठी एका कॅथलिक खेळाडूचे चरित्र डोळ्यांसमोर ठेवावेसे वाटते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून ज्याची निवड झाली, त्या जिम थॉर्प यांचे हे चरित्र आहे.

जिमचा जन्म १८८७ च्या मे महिन्यात अमेरिकेतील आजच्या ओक्लाहोमा राज्यात, तेथील मूलनिवासी लोकांसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशात झाला. वडील हायरम हे सॅक अँड फॉक्स जमातीचे, तर आई शार्लट ही पोटावाटोमी जमातीची श्रद्धाळू कॅथलिक स्त्री होती. त्याच वर्षी बाळाचा कॅथलिक स्नानसंस्कार झाला. जमातीच्या भाषेत त्याला जे नाव मिळाले, त्याचा अर्थ उजळलेली वाट असा होतो. चार्ली हा त्याचा जुळा भाऊ. दोघे एकत्र पोहत, एकत्र घोडे पळवीत. नऊ वर्षांचे असताना चार्ली आजारी पडला आणि गेला. जिमच्या आयुष्यातील हा पहिला घाव. त्यानंतर तो शाळेतून वारंवार पळून जाऊ लागला, म्हणून त्याला घरापासून दूर कॅन्सस राज्यातील निवासी शाळेत पाठविण्यात आले. पुढे काही वर्षांतच आई बाळंतपणात दगावली आणि त्यापाठोपाठ वडीलही वारले. वयाची विशी गाठण्यापूर्वीच हा मुलगा पोरका झाला होता.

१९०४ साली तो पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील सरकारी शाळेत दाखल झाला. मूलनिवासी मुलांची भाषा, वेश व चालीरीती पुसून टाकून त्यांना गोऱ्या समाजाच्या साच्यात बसवावे, हे त्या शाळेचे उघड धोरण होते. तेथेच पॉप वॉर्नर या प्रशिक्षकाची दृष्टी जिमवर पडली. धावणे, उंच उडी, भालाफेक, अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल, असा एकही खेळ नव्हता की ज्यात तो चमकला नाही. १९११ साली कार्लाइलच्या संघाने हार्वर्डसारख्या बलाढ्य विद्यापीठाला १८ विरुद्ध १५ असे हरविले, तेव्हा साऱ्या देशाला थॉर्प हे नाव ठाऊक झाले.

१९१२ च्या जुलै महिन्यात स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. पाच क्रीडाप्रकारांच्या पेंटॅथलॉनमध्ये थॉर्प यांनी चार प्रकारांत पहिला क्रमांक मिळवून सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर दहा प्रकारांच्या डेकॅथलॉनमध्ये ८,४१२ गुण मिळवून दुसरे सुवर्णपदक पटकावले. दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू जवळजवळ ७०० गुणांनी मागे होता. त्या दिवसांतील त्यांच्या प्रसिद्ध छायाचित्रात दोन पायांत दोन वेगवेगळे बूट दिसतात. त्यांचे स्वतःचे बूट हरवल्यामुळे मिळतील ते घालून ते मैदानात उतरले होते, असे सांगतात. न्यूयॉर्कमध्ये त्यांची मिरवणूक निघाली. ज्या मूलनिवासी समाजाला सरसकट नागरिकत्व मिळण्यास १९२४ साल उजाडावे लागले, त्या समाजाच्या मुलावर फुलांचा व कागदी फितींचा वर्षाव झाला.

मिरवणुकीनंतर सहा महिन्यांतच, जानेवारी १९१३ मध्ये, एका वृत्तपत्राने बातमी छापली. थॉर्प यांनी १९०९ व १९१० साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात थोड्याशा पैशांसाठी बेसबॉल खेळले होते. त्या काळी ऑलिंपिकमध्ये फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश होता. खेळासाठी एक पैसा घेतलेलाही अपात्र ठरे. महाविद्यालयीन खेळाडूंपैकी अनेक जण उन्हाळ्यात खोट्या नावाने असे सामने खेळत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळले होते. त्यांनी संघटनेला पत्र लिहून ही गोष्ट सरळ कबूल केली, नियमांची आपल्याला नीट जाण नव्हती असे सांगितले आणि समजून घेण्याची विनंती केली. त्यांची पदके काढून घेण्यात आली, नोंदी पुसण्यात आल्या. स्पर्धेनंतर ३० दिवसांच्या आत हरकत नोंदवली पाहिजे, असा ऑलिंपिकचाच नियम होता. तो मात्र कोणी पाळला नाही. प्रशिक्षक वॉर्नर यांनी आपल्याला यातले काहीच माहीत नव्हते, असे सांगून हात झटकले. त्यांच्या या सांगण्यावर चरित्रकारांचा विश्वास नाही.

येथे थोडे थांबले पाहिजे. थॉर्प यांच्याकडून चूक झाली होती आणि ती त्यांनी मान्य केली. उत्तरदायित्व म्हणतात ते हेच. परंतु ज्यांनी त्यांच्या घामावर नाव आणि पैसा मिळविला, त्यांना कोणी जाब विचारला नाही. ज्याच्यापाशी आईबाप नाहीत, पैसा नाही, वजन नाही, त्या एकट्याकडूनच हिशेब मागण्यात आला. असा हिशेब न्यायाचा नसतो.

तरीही ते खचले नाहीत. १९१३ पासून ते व्यावसायिक बेसबॉल खेळू लागले. त्याच वर्षी कार्लाइल येथील कॅथलिक चर्चमध्ये आयव्हा मिलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९१५ पासून ते कँटन बुलडॉग्ज या फुटबॉल संघाचे आधारस्तंभ बनले. १९२० साली व्यावसायिक फुटबॉलची जी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष होते. बाहेरून पाहणाऱ्याला सारे ठीक दिसत होते.

परंतु १९१८ साली त्यांचा तीन वर्षांचा थोरला मुलगा, जिम ज्युनियर, आजाराने वारला. बापाने त्याला जीव लावला होता. जुळा भाऊ, आई, वडील आणि आता मुलगा. त्यांना जवळून ओळखणारे सांगत की, त्या दिवसापासून हा माणूस पूर्वीचा राहिला नाही. ते अबोल झाले आणि त्यांचे पिणे वाढत गेले. त्या काळात अशा खोल उदासीनतेकडे कोणी आजार म्हणून पाहत नसे. मर्दाने दुःख गिळावे आणि पुढचा सामना खेळावा, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असे. संघाला त्यांचे खांदे हवे होते. त्या खांद्यांवरचे ओझे कोणी पाहिले नाही.

या दुःखाचे चटके इतरांनाही बसले, हे सांगणे कर्तव्य आहे. दारू आणि सततची भटकंती यांनी संसार पोखरला. १९२५ साली आयव्हा यांच्याशी त्यांची फारकत झाली. दुसरा विवाहही मोडला. आठ मुलांच्या या बापाने मुलांना फारसा सहवास दिला नाही. त्यांतील अनेक जण, वडिलांप्रमाणेच, निवासी शाळांत वाढले. व्यसनी माणसावर दया दाखविताना त्याच्या पत्नीचे व मुलांचे अश्रू विसरले, तर ती दया अर्धीच राहते.

१९२८ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, थॉर्प यांनी मैदान सोडले. पाठोपाठ जागतिक मंदी आली. ज्या माणसासाठी न्यूयॉर्कचे रस्ते गजबजले होते, तो लॉस एंजेलिसमध्ये रोजंदारीवर मातीचे खड्डे खणू लागला. १९३२ साली त्याच शहरात ऑलिंपिक भरले, तेव्हा त्यांच्याकडे तिकिटाला पैसे नव्हते. ही गोष्ट वृत्तपत्रांत आली. तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांच्या अंगातही मूलनिवासी रक्त होते. त्यांनी थॉर्प यांना सन्मानाने आपल्याजवळ बसविले आणि हजारो प्रेक्षकांनी उभे राहून त्यांना मानवंदना दिली. टाळ्या थांबल्यावर ते पुन्हा आपल्या एकाकी जगात परतले. सत्कार आणि सोबत यांतील अंतर या एका प्रसंगातून कळते.

थॉर्प केवळ दयेचा विषय होते, असे मात्र समजू नये. चित्रपटांत लहानसहान भूमिका करीत असताना, मूलनिवासी पात्रांची कामे मूलनिवासी कलाकारांनाच मिळावीत म्हणून ते झगडले. शाळाशाळांतून मुलांसमोर ते खेळ व आपल्या समाजाचे हक्क यांवर बोलत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, वयाची पन्नाशी उलटलेली असताना, त्यांनी व्यापारी जहाजावर नोकरी पत्करली. व्यसनी माणूस म्हणजे केवळ त्याचे व्यसन नव्हे.

१९५० साली अमेरिकेतील क्रीडापत्रकारांनी अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्यांची निवड केली. पुढच्याच वर्षी त्यांना ओठाचा कर्करोग झाला, तेव्हा उपचार धर्मादाय रुग्ण म्हणून करावे लागले. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियातील लोमिता येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ओक्लाहोमात त्यांच्यासाठी अंत्यविधीची मिस्सा अर्पण करण्यात आली. परंतु तिसऱ्या पत्नीने पार्थिव तेथून हलविले आणि शेवटी पेनसिल्व्हेनियातील एका गावाने आपले नाव बदलून त्यांचे नाव घेतले व त्यांना आपल्या भूमीत विसावा दिला. वडिलांना जन्मभूमीत आणण्यासाठी मुलांनी पुढे न्यायालयात दाद मागितली, ती २०१५ साली कायमची फेटाळली गेली.

पदकांचा न्याय मात्र झाला. ३० दिवसांचा तो विसरलेला नियम अभ्यासकांनी शोधून काढल्यावर १९८२ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने निर्णय फिरविला आणि जानेवारी १९८३ मध्ये पदकांच्या प्रतिकृती मुलांच्या हाती दिल्या. तरीही नोंदीत त्यांना संयुक्त विजेता म्हणूनच स्थान होते. १५ जुलै २०२२ रोजी, विजयानंतर तब्बल ११० वर्षांनी, समितीने त्यांना एकमेव विजेता म्हणून मान्यता दिली.

त्याच जुलै महिन्यात पोप फ्रान्सिस प्रायश्चित्ताची यात्रा म्हणून कॅनडाला गेले होते. ख्रिस्तसभेतील लोकांनी चालविलेल्या निवासी शाळांत मूलनिवासी मुलांवर जे अन्याय झाले, त्यांबद्दल त्यांनी त्या लोकांच्या भूमीवर जाऊन क्षमा मागितली. थॉर्प ज्या शाळांत वाढले त्या सरकारी होत्या. पण धोरण तेच होते. संस्थांनाही आपल्या चुका कबूल कराव्या लागतात, मग ती ऑलिंपिक समिती असो वा आपली पवित्र ख्रिस्तसभा, हे त्या महिन्याने जगाला दाखविले.

आज काळ बदलला आहे. अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्स यांना २०१४ साली मद्यपान करून गाडी चालविल्याबद्दल अटक झाली. त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला, संघटनेची सहा महिन्यांची बंदी सोसली आणि उपचार केंद्रात दाखल होऊन नैराश्यावर मदत घेतली. दोन वर्षांनी रिओ येथे त्यांनी पाच सुवर्णपदके जिंकली. शिक्षा त्यांनाही झाली, पण त्यांना उपचार मिळाले आणि परतीची वाट मोकळी राहिली. थॉर्प यांच्या वाट्याला फक्त शिक्षा आली होती.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात प्रभू येशूने हेच शिकविले आहे. पुत्र स्वतःची चूक ओळखतो, उठतो आणि आपण अपराधी आहोत हे पित्यासमोर बोलतो. पिता मात्र ते बोलणे पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. दुरून दिसताच तो धावत जातो. प्रायश्चित्त संस्कारातही कबुली आणि क्षमा हातात हात घालून येतात. कबुलीवाचून क्षमा उथळ होते आणि क्षमेवाचून कबुली माणसाला चिरडते. विदर्भाच्या मातीला हे नवे नाही. संत गाडगेबाबांचे वडील दारूपायी अकाली गेले. बाबांनी आयुष्यभर कीर्तनातून दारूवर कडक प्रहार केले आणि त्याच हातांनी दीनदुबळ्यांसाठी धर्मशाळा उभारल्या.

म्हणून आपल्या धर्मग्रामातील एखादा खेळाडू मुलगा गप्प झाला, सरावाला जाईनासा झाला किंवा त्याच्या तोंडाला वास येऊ लागला, तर त्याची चर्चा चर्चच्या आवारात करू नये; त्याच्या घरी जावे. त्याचे पिणे झाकण्यासाठी खोटे बोलू नये, त्याची उधारी गुपचूप फेडू नये. पण त्याला डॉक्टरांकडे नेताना सोबत मात्र जावे. नैराश्य हे पाप नसून आजार आहे, हे त्याला आणि त्याच्या आईवडिलांना समजावून सांगावे. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक त्रासासाठी, तर १४४४६ या क्रमांकावर व्यसनमुक्तीसाठी विनामूल्य सल्ला मिळतो. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत स्थापन केलेले कृपा फाउंडेशन आणि १९८६ साली पुण्यात सुरू झालेले मुक्तांगण यांनी असंख्य कुटुंबांना पुन्हा उभे केले आहे. प्रशिक्षक व शिक्षकांनीही स्वतःला विचारावे की, मुलगा जिंकत होता तेव्हा आपण त्याच्यासोबत छायाचित्र काढले. आता तो पडला असताना आपण कोठे आहोत?

जिमला त्याच्या लोकांनी उजळलेल्या वाटेचे नाव दिले होते. ती वाट अंधारली, तेव्हा सोबतीला दिवा घेऊन चालणारा कोणी त्याला भेटला नाही. उद्या पहाटे आपल्या रस्त्यावरून धावणाऱ्या मुलांपैकी एकावरही अशी वेळ येऊ नये, यासाठी आपण प्रार्थना करू या, आणि प्रार्थना संपताच उठून त्याच्या दारी जाऊ या.