आगकाड्यांची मौज

आगपेटीतील काडी ही घरातील किती क्षुल्लक वस्तू! चूल पेटवावी, देवापुढील समई लावावी आणि जळकी काडी टाकून द्यावी, एवढेच तिचे आयुष्य. तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. परंतु १९१५ सालच्या सुमारास महाराष्ट्रातील एका कलावंताने या काड्यांनाच आपले नट केले आणि पडद्यावर त्यांना सजीव करून दाखविले. त्या कलावंताचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाचे जनक म्हणून सारा देश त्यांना ओळखतो. निर्जीव वस्तूंना हालते-चालते करण्याची जी कला आज जगभरातील लहानथोरांना वेड लावीत आहे, तिचा आपल्या देशातील आरंभही त्यांच्याच हातून झाला. ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

धुंडिराजांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. राम, कृष्ण, हरिश्चंद्र यांच्या कथा अशा घरातील मुलाच्या कानांवर सहजच पडत. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात दाजीशास्त्रींची संस्कृतच्या अध्यापनासाठी नेमणूक झाली व हे कुटुंब मुंबईस आले. वडिलांची विद्या ग्रंथांतील होती. मुलाचा ओढा मात्र रंग आणि रेषा यांच्याकडे होता. १८८५ साली धुंडिराज सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात राहून त्यांनी चित्रकला, शिल्प व छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले.

शिक्षण संपले, परंतु आयुष्याला स्थैर्य आले नाही. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला, तो प्लेगच्या साथीने उधळून लावला. त्या साथीत त्यांची पहिली पत्नी व मूल यांचा अंत झाला. पुढे त्यांनी नाटकांचे पडदे रंगविले. एका विदेशी जादूगाराकडून ते जादूचे प्रयोग शिकले आणि 'प्रोफेसर केल्फा' या नावाने ते करूनही दाखवू लागले. फाळके हे आडनाव उलट वाचले म्हणजे हे नाव तयार होते! काही काळ त्यांनी सरकारच्या पुरातत्त्व खात्यात आरेखकाची नोकरी केली. स्वदेशीची चळवळ सुरू झाली तेव्हा ती नोकरी सोडून ते मुद्रणाच्या धंद्यात शिरले. राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयासाठीही त्यांनी काम केले. मुद्रणात त्यांचा लौकिक झाला, पण भागीदारांशी मतभेद झाले आणि तो धंदाही सुटला.

वयाची चाळिशी आली तरी धुंडिराजांचे बस्तान बसले नव्हते. हा मनुष्य एक ना धड असा आहे, असे लोकांना वाटले असल्यास नवल नाही. पण चित्रकाराची दृष्टी, छायाचित्रकाराचा हात, जादूगाराची युक्ती आणि मुद्रकाचा काटेकोरपणा हे चारही गुण त्यांच्या ठिकाणी एकत्र साठत होते. त्या सर्वांचा एकदम उपयोग होईल, असे काम तेवढे अजून मिळायचे होते.

ते काम त्यांना गिरगावात सापडले. १९११ सालच्या सुमारास गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात ते आपला थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गेले. पडद्यावर पशुपक्षी हिंडताना पाहून मुलगा हरखून गेला. पुढे त्याच ठिकाणी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट धुंडिराजांनी पाहिला. ख्रिस्ताचे चरित्र डोळ्यांपुढून सरकत असता त्यांच्या मनात राम व कृष्ण उभे राहू लागले. आपल्या देशातील कथा अशाच पडद्यावर आणाव्यात, या विचाराने त्यांना झपाटले. ते रात्रीमागून रात्री चित्रपट पाहू लागले. पाहून आल्यावर त्यांतील एकेका युक्तीचा उलगडा करीत बसू लागले. या अतिश्रमाने त्यांची दृष्टी अधू झाली व काही काळ ते जवळजवळ आंधळे झाले. औषधोपचारांनी दृष्टी परत आली. ध्यास तर गेलाच नव्हता. आयुष्याच्या विम्याचे कागद गहाण टाकून त्यांनी पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथे चित्रपटकलेची माहिती करून घेऊन, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून, एप्रिलच्या आरंभी ते मायदेशी परतले.

कॅमेरा आला, पण चित्रपटासाठी भांडवल कोण देणार? या नव्या उद्योगावर कोणाचाच विश्वास नव्हता. तेव्हा धुंडिराजांनी व्याख्यान देण्याऐवजी एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले. कुंडीसमोर कॅमेरा मांडून महिनाभराहून अधिक काळ ते ठराविक वेळाने तिची चित्रे घेत राहिले. ती सारी चित्रे सलग दाखविली तेव्हा पाहणारे थक्क झाले. मातीतून कोंब डोकावला, त्याला पाने फुटली आणि बघता बघता वेल वर चढू लागला. एका महिन्याची वाढ सुमारे एका मिनिटात डोळ्यांसमोर उलगडली! 'अंकुराची वाढ' हा तो छोटासा चित्रपट पाहून धनिकांची खात्री पटली व कर्ज मिळाले. एका वाटाण्याने जामीन राहावे, असा हा प्रकार झाला.

दादरच्या एका बंगल्यात 'राजा हरिश्चंद्र'चे काम सुरू झाले. ज्या रस्त्यावर हे काम चालले, त्याला आज दादासाहेब फाळके यांचेच नाव आहे. त्या काळी चित्रपटात काम करण्यास स्त्रिया तयार होत नसत. म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाने तारामतीची भूमिका केली. राजपुत्र रोहिदास झाला तो घरचाच भालचंद्र. धुंडिराजांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांचे श्रम तर वर्णन करावे तितके थोडे. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. उन्हाचा प्रकाश नटांच्या मुखावर पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून त्या तासन् तास उभ्या राहत. रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे नाजूक कामही त्या करीत. प्रसंगी त्यांनी आपले दागिनेही दिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला आणि त्याला अपूर्व यश मिळाले.

त्याच वर्षी दादासाहेबांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. तेथे आणखी दोन चित्रपट पुरे झाले. १९१४ साली ते पुन्हा इंग्लंडला जाऊन आले. परंतु त्यांच्या परतण्याच्या सुमारासच पहिले महायुद्ध पेटले. विलायतेहून येणारी कोरी फिल्म दुर्मीळ झाली. भांडवल देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. मोठा चित्रपट काढावा तर पैसा नाही. स्वस्थ बसावे तर पोटाशी असलेल्या माणसांचे काय? अशा बिकट वेळी दुसरा एखादा मनुष्य हातपाय गाळून बसला असता. दादासाहेबांनी घरातील आगपेटी उघडली.

आगकाड्यांना वेतन द्यावे लागत नाही आणि वेषभूषाही लागत नाही. फिल्म तर अगदी थोडी लागते. परंतु त्यांच्याकडून काम करून घेण्यास जे अफाट परिश्रम लागतात, त्यांची कल्पना हिशेब केल्याशिवाय येणार नाही. मूकपटाच्या काळात पडद्यावर दर सेकंदाला सुमारे १६ चित्रे सरकत. म्हणजे एका मिनिटासाठी ९६० चित्रे झाली. काड्या मांडाव्यात, एक चित्र घ्यावे; त्या केसभर सरकवाव्यात, दुसरे चित्र घ्यावे; पुन्हा सरकवाव्यात, तिसरे घ्यावे. एका मांडणीस एकच मिनिट लागते असे धरले, तरी पडद्यावरील एका मिनिटासाठी सोळा तास राबावे लागते. मध्येच एखादी काडी धक्क्याने हलली की सारी लय बिघडते. कॅमेरा हाताने फिरवावयाचा असल्यामुळे एका वेळी एकच चित्र उतरेल, अशा बेताने हात चालवावा लागतो. अशी ही चित्रे वेगाने डोळ्यांपुढून गेली की मन ती निरनिराळी मानीत नाही. ते त्यांची सांगड घालते आणि काडी स्वतःहून चालते आहे, असे पाहणाऱ्याला वाटू लागते.

फ्रान्समध्ये एमिल कोल या कलावंताने १९०८ साली आगकाड्यांचा असाच एक चित्रपट केला होता. दादासाहेबांनी 'आगकाड्यांची मौज' करून ती कला आपल्या मातीत रुजविली. त्यांचा 'विचित्र शिल्प' हा लघुपटही याच काळातील होय. वाटाण्याच्या कुंडीने त्यांना जे शिकविले होते, तेच येथे उपयोगी पडले. फरक इतकाच, की वाटाण्याच्या अंगी वाढण्याची शक्ती निसर्गाने ठेवली होती. काडीच्या अंगी ती माणसाच्या हातांनी घातली.

अशा चित्रपटांवर लोक इतके प्रेम का करतात? पहिले कारण असे, की त्यांतील नट आपल्या ओळखीचे असतात. राजे आणि देव दूरचे. पण काडी, बाहुली, चेंडू या वस्तू घराघरांत आहेत. त्या पडद्यावर हालू लागल्या, की घरी परतलेले मूल आपल्या खेळण्यांकडे नव्या दृष्टीने पाहू लागते. दुसरे कारण असे, की हा आनंद घेण्यास अक्षरओळख लागत नाही आणि भाषेचीही अडचण पडत नाही. आजी आणि नातवंड शेजारी बसून एकाच क्षणी हसू शकतात. सारे घर ज्याचा मिळून आस्वाद घेते, ते मनात दीर्घकाळ राहते.

सारे घर मिळून पाहील असे काही निर्माण करण्याची हातोटी दादासाहेबांच्या पुढील चित्रपटांतही दिसते. १९१७ साली त्यांचा 'लंकादहन' गिरगावातील वेस्ट एंड चित्रगृहात लागला, तेव्हा सकाळी सात वाजल्यापासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालत. १९१९ सालच्या 'कालियामर्दन'मध्ये त्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. जादूगाराच्या युक्त्या त्यांनी या चित्रपटांत मुक्तहस्ते वापरल्या. चित्रपट कसे तयार होतात, हे दाखविणाराही एक लघुपट त्यांनी काढला. जादूगार आपली युक्ती सहसा सांगत नाही; दादासाहेबांनी ती सांगून टाकली, कारण ही विद्या देशात वाढावी, अशी त्यांची इच्छा होती.

पुढे काळ बदलला. पडदा बोलू लागला आणि मूकपटांचे युग संपले. १९३७ साली दादासाहेबांनी कोल्हापुरात 'गंगावतरण' हा आपला एकमेव बोलपट पुरा केला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांचा हिमगौरी व सात बुटके यांच्या कथेवरील पूर्ण लांबीचा रंगीत चित्रपट झळकला. तो हजारो हातांनी काढलेल्या चित्रांचा होता असे नव्हे, तर शेकडो कलावंतांच्या हातांनी काढलेल्या लक्षावधी चित्रांचा होता. अमेरिकेत या कामासाठी मोठमोठे कारखाने उभे राहिले. नाशिकला मात्र ते थोड्याशा माणसांनी आगपेटीच्या बळावर आरंभिले होते.

दादासाहेबांचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी निर्माण केलेल्या उद्योगाने अनेकांना वैभव दिले. ते स्वतः त्याला पारखेच राहिले. १९६९ सालापासून भारत सरकार चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने देते.

'आगकाड्यांची मौज' या चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही. ज्या काड्यांना त्यांनी जीव दिला, त्यांचे चित्रही काळाने राखले नाही. तथापि त्या काड्यांनी पेटविलेली ज्योत विझली नाही. मुंबईत १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनने हालत्या चित्रांचा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि १९७४ साली तेथूनच निघालेल्या 'एक अनेक और एकता' या लघुपटाने दूरदर्शनवरून देशातील असंख्य मुलांना आनंद दिला. पडद्यावर एखादी बाहुली मान वळविते, तेव्हा तिच्यामागे कोणीतरी तिला केसभर सरकवून श्वास रोखून उभा राहिलेला असतो. साधने तुटपुंजी असोत, काळ प्रतिकूल असो. हाताशी असलेल्या लहानशा वस्तूपासून जो आरंभ करतो आणि अखेरपर्यंत धीर सोडीत नाही, त्याच्या हातून निर्जीवालाही जीव येतो, हेच दादासाहेबांच्या चरित्राचे सार होय.