विश्लेषण : 'सी' भाषेतला शेवटचा शून्य विसरला तर काय होते? डेनिस रिची यांचा वारसा काय?

'सी' भाषेत मजकूर कुठे संपला हे कळावे म्हणून शेवटी शून्य किमतीचा एक बाइट ठेवतात. तो राहिला, की प्रोग्रॅम पुढची मेमरीही मजकूर समजून वाचत सुटतो. रोमन लिपीतल्या चार अक्षरी 'पुणे'ला म्हणून पाच बाइट लागतात. देवनागरीत, यूटीएफ-८ मध्ये, तब्बल १३!

ही भाषा घडवणारे डेनिस रिची ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यात जन्मले. वडील बेल लॅब्समध्ये होते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकून १९६७ मध्ये रिचीही तिथेच रुजू झाले. पीएचडीचा प्रबंध लिहून झाला होता, पण पदवी मात्र कधी घेतली नाही.

शून्यच का?

जुन्या 'बीसीपीएल' भाषेत मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असे. त्यासाठी जागा जेमतेम एक बाइट, म्हणजे मर्यादा २५५ अक्षरांची. केन थॉम्पसन यांच्या 'बी' भाषेत लांबी गेली आणि शेवटी खूण आली. रिचींनी 'सी'त तीच पद्धत ठेवली; खूण शून्याची केली. मेमरी तुटपुंजी असलेल्या पीडीपी-११ यंत्रावर हा हिशेब रास्तच होता. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा 'सी'त नव्याने लिहिला गेला. १९८३ मध्ये दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

चूक कुठे होते?

युनिक्समध्ये फाइलच्या नावाला १४ बाइटची जागा होती. नाव पूर्ण १४ अक्षरी असेल तर शून्याला जागाच उरत नसे आणि ते चालतही असे. अशा ठरावीक मापाच्या रकान्यांसाठीचे 'स्ट्र-एन-कॉपी' फंक्शन पुढे लोक सुरक्षित समजून सर्रास वापरू लागले. जागा भरली की ते शून्य लिहीत नाही, हे नावावरून कळणार तरी कसे? उपाय साधा आहे : जागा एक बाइट जास्त घ्यायची आणि शेवटच्या बाइटमध्ये स्वतः शून्य लिहायचा.

'गेट्स' फंक्शन त्याहून घातक. समोर जागा किती, हे त्याला सांगण्याची सोयच नाही. नोव्हेंबर १९८८ मधल्या मॉरिस वर्मने ५१२ बाइटच्या जागेत त्याहून लांब ओळ घुसवून यंत्रे ताब्यात घेतली.

रिची २००७ मध्ये निवृत्त झाले. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतल्या घरी ते मृतावस्थेत आढळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या 'सी'च्या नव्या मानकातून 'गेट्स' काढून टाकण्यात आले.