राजर्षी शाहू छत्रपती : देहाचा भार आणि कर्तव्याचा भार

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांच्या कर्तृत्वाकडे आपले लक्ष जाते. परंतु ज्या देहाकडून ते कर्तृत्व करवून घेतले, त्याच्या व्यथांची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. या दृष्टीने कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे चरित्र फार बोधप्रद आहे.

महाराजांचा जन्म १८७४ साली कागलच्या घाटगे घराण्यात झाला. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीस दत्तक गेले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. तरुणपणी मल्लविद्या व शिकार यांचा त्यांना मोठा नाद. कोल्हापुरातील खासबागेचे कुस्तीमैदान हे त्यांच्या मल्लप्रेमाचे स्मारकच होय.

पुढे हाच बलदंड देह अतिशय स्थूल झाला. मधुमेह जडला, हृदयही दुबळे झाले. स्थूल देहात रक्तातील साखर जिरविण्याचे कार्य मंदावते व हृदयास अधिक राबावे लागते, हे आज आपण जाणतो. त्या काळी मात्र पथ्य व उपवास यांपलीकडे मधुमेहावर खरा उपाय नव्हता.

अशा देहाने महाराजांनी काय केले? १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांकरिता वसतिगृहे उभी राहिली. १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा पन्नास जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा पाया घातला गेला. १९१८ च्या जूनमध्ये धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीत अपघाताने निवर्तले. हा घाव जिव्हारी लागला, तरी महाराज घरी बसले नाहीत. १९१९ साली कानपूर, १९२० साली माणगाव व नागपूर येथील परिषदांस ते जातीने गेले. नोव्हेंबर १९२१ मध्ये आपल्या पुण्यात भांबुर्ड्यास शिवस्मारकाची कोनशिला बसविण्यात आली, तीही त्यांच्याच खटपटीने.

त्याच वर्षी दूर टोरोंटो शहरी इन्सुलिनचा शोध लागला व जानेवारी १९२२ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. ते औषध हिंदुस्थानात पोहोचण्यापूर्वीच, ६ मे १९२२ रोजी, महाराजांनी मुंबईत हृदयविकाराने देह ठेवला. वय अवघे सत्तेचाळीस. इन्सुलिन मिळते तर ते खात्रीने वाचते, असे म्हणवत नाही. कारण हृदय आधीच थकले होते.

विद्यार्थीमित्रहो, स्थूलता म्हणजे केवळ खादाडपणा, अशी समजूत अद्याप पुष्कळांची आहे. ती खरी नव्हे. आनुवंशिकता, अपुरी झोप, मनाचा ताण, काही ग्रंथींचे विकार अशी अनेक कारणे तिच्या मुळाशी असतात. वर्गातील एखाद्या स्थूल सोबत्यास टोपणनावाने चिडविताना आपण एका दुखण्याचीच थट्टा करीत असतो. पालकांनीही मुलास दूषणे न देता वेळीच वैद्यकीय सल्ला घ्यावा. आज या विकारांवर उपाय आहेत. महाराजांच्या वाट्याला ते आले नाहीत.

शरीर हे देवाचे मंदिर आहे, अशी आमची श्रद्धा आहे. ते जपणे हे कर्तव्यच होय. परंतु दुसऱ्याच्या मंदिराचा आकार पाहून हसण्याचा अधिकार कोणासही दिलेला नाही.