शब्दकोशकार नोहा वेब्स्टर

अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांतात एका शेतकऱ्याच्या घरी १६ ऑक्टोबर १७५८ रोजी नोहा वेब्स्टर याचा जन्म झाला. मुलाची विद्येची ओढ पाहून वडिलांनी आपली शेतजमीन गहाण टाकली व त्यास येल येथील महाविद्यालयात पाठविले. १७७८ साली तो पदवीधर होऊन घरी परतला, तेव्हा इंग्लंडविरुद्ध अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. वडिलांनी त्याच्या हाती आठ डॉलरांची नोट ठेवली व यापुढे स्वतःच्या बळावर उभे राहण्यास सांगितले. युद्धामुळे त्या नोटेची किंमतही बरीच उतरली होती.

वेब्स्टर शिक्षक झाला. शाळेतील पुस्तके इंग्रज लेखकांची होती. मुलांच्या उच्चारांत मेळ नव्हता आणि लेखनातही नव्हता. देश स्वतंत्र होत असता भाषेचे निर्णय मात्र लंडनकडून का घ्यावेत, हा प्रश्न त्यास स्वस्थ बसू देईना. १७८३ साली त्याने शब्दलेखन शिकविणारे एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले. निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक म्हणून ते पुढे घरोघर पोहोचले आणि शंभर वर्षांत त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

त्या काळी 'यू' या सर्वनामावरून मोठा वाद होता. एकाच व्यक्तीशी बोलताना अनेक लोक सहज 'यू वॉज' म्हणत. 'यू' हे मुळात अनेकवचनी असल्याने 'यू वेअर' हेच शुद्ध, असे इंग्लंडमधील बिशप रॉबर्ट लाउथ याने १७६२ सालच्या आपल्या व्याकरणात ठरविले होते. (मराठीत आपणही एकट्या गुरुजींना 'तुम्ही होता' असेच म्हणतो.) वेब्स्टरने १७८९ साली याच्या उलट मत मांडले. व्याकरण लोकांच्या बोलण्यातून निघते. पुस्तकातील नियमासाठी रूढ प्रयोग मोडू नये, असे त्याचे म्हणणे होते.

शब्दांच्या लेखनात मात्र तो स्वतःच रूढी मोडावयास निघाला! 'कलर' या शब्दातील 'यू' हे अक्षर त्याने गाळले, 'म्यूझिक'च्या अखेरचा 'के' काढला आणि 'सेंटर'च्या शेवटी 'आर-ई' ऐवजी 'ई-आर' लिहिले. 'विमेन' या शब्दात 'ओ' लिहून 'इ' उच्चारणे त्यास विचित्र वाटे. तेथे त्याने 'आय' सुचविला. वृत्तपत्रांनी त्याची मनसोक्त टर उडविली. १८०० साली त्याने शब्दकोशाचा संकल्प जाहीर केला, तेव्हा तर टीकाकारांनी मुद्दाम वेडेवाकडे शब्द लिहून त्याची थट्टा केली.

वेब्स्टर हट्टी होता. टीका त्यास झोंबे, पण काम थांबले नाही. १८०६ साली लहान कोश निघाला. मग मोठ्या कोशासाठी तो अनेक भाषा शिकला. वीस वर्षे एकट्याने, हाताने लिहून, त्याने सत्तर हजार शब्द जमविले. ग्रंथ पाहण्यासाठी तो युरोपात गेला आणि जानेवारी १८२५ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज येथे अखेरच्या शब्दाशी पोहोचला. तेव्हा त्याचा हात असा थरथरू लागला, की लेखणी धरवेना. तरीही बळ एकवटून त्याने ते काम पुरे केले आणि मग खोलीत येरझाऱ्या घातल्यावर तो सावरला.

१८२८ साली कोश प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रती छापल्या अवघ्या २,५००. वयाची ऐंशी उलटल्यावर दुसऱ्या आवृत्तीसाठी वेब्स्टरने आपले राहते घर गहाण टाकले. २८ मे १८४३ रोजी न्यू हेवन येथे त्याचा अंत झाला, तेव्हाही कर्ज फिटलेले नव्हते.

त्याने सुचविलेला 'विमेन' लोकांनी घेतला नाही. 'म्यूझिक'मधील 'के' मात्र इंग्लंडमध्येही गेला. अमेरिकेतील मुले 'कलर' हा शब्द आज 'यू' वाचून लिहितात, आपली मुले 'यू' घालून लिहितात. आणि ज्याची त्याने इतक्या आवेशाने बाजू घेतली, तो 'यू वॉज' हा प्रयोग त्याच्या स्वतःच्या देशातही शाळेच्या वहीत चूकच ठरतो.