बापलेकांचे चित्रकार एरिख ओझर

जर्मनींत प्लाउएन नांवाचें शहर आहे. तेथील लेस फार प्रसिद्ध. याच शहरांत एरिख ओझर यांचें बालपण गेलें. त्यांचा जन्म १८ मार्च १९०३ रोजीं जवळच्याच एका खेड्यांत, जकातीच्या कामावरील एका साध्या नोकरदाराच्या घरीं झाला. प्रथम ते कुलुपें-किल्ल्या करण्याचा धंदा शिकले. पुढें लाइपझिग येथें त्यांनीं चित्रकलेचें शिक्षण घेतलें. त्याच काळांत एरिख केस्टनर व एरिख क्नाउफ या दोन लेखकांशीं त्यांची मैत्री जडली. तिघेहि एरिखच!

बर्लिनला आल्यावर ओझर यांनीं हिटलर व गोबेल्स यांचीं उपहासचित्रें काढलीं. १९३३ सालीं तेच सत्तेवर आले, आणि पुढल्या वर्षीं ओझर यांना वृत्तपत्रांत काम करण्यास परवानगी नाकारण्यांत आली. घरीं पत्नी आणि १९३१ सालीं जन्मलेला ख्रिस्टियान. अखेर टोपणनांवानें व राजकारण टाळून चित्रें काढण्याची मुभा मिळाली. नांवाचीं आद्याक्षरें व आपलें शहर मिळून त्यांनीं ‘ए. ओ. प्लाउएन’ हें नांव घेतलें. १३ डिसेंबर १९३४ रोजीं ‘बाप आणि मुलगा’ ही त्यांची चित्रमालिका बर्लिनच्या एका मोठ्या साप्ताहिकांत सुरू झाली. ती तीन वर्षें चालली.

चित्रांत संवाद नाहींतच. बाप टकला, ढेरपोट्या, झुपकेदार मिशांचा. पहिल्याच चित्रांत तो मुलाचा निबंध स्वतः लिहून देतो. ही लबाडी उघडकीस येतांच गुरुजी मुलाबरोबर घरीं येतात व बापालाच चोप देतात! (आमच्या पालकवर्गानें भिऊं नये.) दुसऱ्या एका चित्रांत जेवण निवत असतें आणि मुलगा जमिनीवर पालथा पडून पुस्तकांत गढलेला असतो. बाप त्याला उठवून जेवावयास धाडतो. मग बापच येईना, म्हणून मुलगा पाहावयास जातो, तों बाप तेंच पुस्तक घेऊन पालथा पडलेला!

हा बाप रागावतो, चुकतो, फजीत होतो. पण मुलाला दुरावत नाहीं. त्या वेळीं जर्मनींतील मुलांना गणवेश चढवून रांगेंत चालावयास लावीत होते. अशा काळांत धाक न जमणारा हा बाप घरोघरीं आवडता झाला, याचें आम्हांस विशेष वाटतें.

१९४० पासून ओझर यांनीं गोबेल्सच्या ‘दास राइख’ या साप्ताहिकासाठीं राजकीय चित्रें काढलीं, हें झांकून ठेवणें बरें नव्हे. मनांतून मात्र त्यांचा द्वेष मावळला नव्हता. बर्लिनवरील बाँबहल्ल्यांत घर गेल्यावर ते व क्नाउफ एकाच घरांत राहूं लागले. दोघे राज्यकर्त्यांची थट्टा करीत. ओझर यांना कमी ऐकूं येई, म्हणून बोलणें मोठ्यानें होई. त्याच घरांतील एका शेजाऱ्यानें तें टिपून ठेवून सरकारांत कळविलें. २८ मार्च १९४४ रोजीं दोघांना अटक झाली.

खटल्याच्या आदल्या रात्रीं ओझर यांनीं कोठडींत आपल्या जिवाचा अंत करून घेतला. मित्र वांचावा म्हणून मागें ठेवलेल्या पत्रांत त्यांनीं सर्व दोष आपल्या माथीं घेतला होता. तरीहि २ मे १९४४ रोजीं क्नाउफ यांचा शिरच्छेद झाला. ख्रिस्टियान तेव्हां बारा वर्षांचा होता.