लाल रंगाने वाचवला मुलीचा हात! कोण होते डॉ. डोमाक?

सुई टोचली, हात सुजला, ताप चढला आणि हात कापण्यापर्यंत वेळ आली. १९३५मध्ये जर्मनीत डॉ. गेरहार्ड डोमाक यांच्या लहान मुलीबाबत हे घडले. त्या काळी अशा संसर्गावर खात्रीचे औषध नव्हते.

युद्धात दिसलेला शत्रू

डोमाक यांचा जन्म १८९५चा. वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच पहिले महायुद्ध पेटले. लढताना जखमी झाल्यावर त्यांना लष्कराच्या वैद्यकीय पथकात काम मिळाले. जखमेत जंतू शिरून सैनिक दगावताना त्यांनी तिथे पाहिले.

ॲस्पिरिन होतीच, मग अडले कुठे?

१९२७मध्ये ते वुपर्टाल येथे बायरच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. बायरची ॲस्पिरिन १८९९पासून बाजारात होती. तिने ताप उतरे, वेदना व सूज कमी होई. पण जखमेतला संसर्ग बरा होत नसे. डोमाक यांना जंतूंनाच रोखणारे औषध हवे होते. रसायनतज्ज्ञ क्लारर आणि मिट्श यांनी बनवलेले रंग ते उंदरांवर तपासत. १९३२च्या अखेरीस एका लाल रंगाने स्ट्रेप्टोकॉकसची लागण झालेले उंदीर वाचवले. हेच प्रॉन्टोसिल, पहिले सल्फा औषध. मुलीला त्यांनी तेच दिले आणि तिचा हात वाचला.

१९३९चे नोबेल त्यांना जाहीर झाले. मात्र हिटलरने जर्मनांना नोबेल घेण्यास बंदी केली होती. गेस्टापोने डोमाक यांना अटक केली आणि पुरस्कार नाकारायला लावला. १९४७मध्ये पदक हाती आले, पण रक्कम मिळाली नाही. १९६४मध्ये त्यांचे निधन झाले.

आपण काय लक्षात ठेवावे?

सूज कमी करणारी औषधे वेगळी आणि जंतूंना रोखणारी वेगळी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी ताप व ठणका दबतो. त्यामुळे त्वचेखालील गंभीर संसर्ग उशिरा लक्षात येऊ शकतो. या गोळ्यांमुळेच संसर्ग बळावतो का, यावर संशोधकांत एकमत नाही. पण कांजिण्या झालेल्या मुलांना आयबुप्रोफेन देणे डॉक्टर टाळायला सांगतात.

जखम छोटी आणि वेदना असह्य, लाली झपाट्याने पसरतेय, त्वचा काळी पडतेय किंवा फोड येताहेत, तर गोळी घेऊन वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा. अशा संसर्गात काही तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो.