भानपुऱ्याची भट्टी

यशवंतराव होळकरांचे नाव निघाले की आमच्या इंदुरात जुन्या मंडळींच्या बैठकीत दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. एक, त्यांनी इंग्रजांची झोप उडविली. आणि दुसरी, शेवटी त्यांना वेड लागले. पहिली सांगताना आवाज चढतो, दुसरी सांगताना उतरतो. या दोहोंच्या मध्ये जी दोन वर्षे गेली, त्यांच्याविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. ती वर्षे महाराजांनी भानपुऱ्याच्या भट्टीपाशी तोफा ओतण्यात घालविली. मी संगीताचा शिक्षक, लढाईच्या शास्त्रात माझी गती नाही. तरीही मला त्यांच्या आयुष्याची किल्ली त्या भट्टीतच आहे असे वाटत आले आहे.

यशवंतरावांचा जन्म १७७६ सालचा, पुणे प्रांतातील वाफगावचा. सुभेदार तुकोजीरावांचे ते पुत्र खरे, पण औरस नव्हेत. त्यामुळे गादीवर त्यांचा हक्क कोणी धरीत नव्हते. १७९७ च्या ऑगस्टात तुकोजीराव वारले आणि महिन्याभरातच शिंद्यांच्या फौजेने पुण्यात त्यांचे थोरले बंधू मल्हारराव यांना ठार केले. यशवंतराव निसटले ते नागपुरास. तेथे भोसल्यांनी त्यांना कैदेत टाकले. तेथूनही ते पळाले आणि मूठभर स्वारांनिशी माळव्यात उतरले. १७९९ साली महेश्वरी त्यांनी होळकरशाहीची सूत्रे हाती घेतली तेव्हा त्यांचे वय बावीस-तेवीस वर्षांचे होते.

त्याच सुमाराची एक गोष्ट पुढच्या साऱ्या हकिकतीशी जोडलेली आहे. नेमबाजी करीत असता हातातील बंदूक फुटली आणि त्यांचा एक डोळा गेला. नळी कच्ची असली, धातूत पोकळी राहिली, की शत्रूच्या आधी ती चालविणाऱ्याचाच घात करते, हा धडा त्यांना स्वतःच्या शरीरावर मिळाला. भट्टीपाशी उभे राहून रस कसा उतरतो हे पुढे जातीने पाहणाऱ्या माणसाला तो धडा विसरता आला नसावा.

आता थोडे तोफेविषयी, आणि तिच्या धाकट्या बहिणीविषयी म्हणजे बाणाविषयी. मराठी फौजांत बाण फार जुने. नळीत दारू ठासून ती नळी बांबूला बांधावयाची आणि वात पेटवून सोडावयाची. उंटांवर लादलेल्या बाणांच्या कैच्यांचे उल्लेख आपल्या बखरींत येतात. म्हैसूरकरांनी बाणाला लोखंडी नळी दिली आणि इंग्रजांना त्याचा इतका चटका बसला की, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काँग्रीव्ह नावाच्या गृहस्थाने विलायतेत त्यावरून नवे बाण तयार केले. आज आकाशात जी अग्नियाने जातात त्यांचे पूर्वज ते हेच. पण बाणाचा स्वभाव लहरी. वारा फिरला की तोही फिरतो. घोडे उधळावयास तो उत्तम, परंतु कवाइती पायदळाची रांग त्याने मोडत नाही. ती मोडावयास तोफच लागते, आणि यशवंतरावांना समोर नेमकी तीच रांग दिसत होती.

१८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरच्या रणावर त्यांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजा उधळल्या. पुण्याची पुढे जी लूट झाली ती विसरावी असे मी म्हणणार नाही. त्या लुटीच्या आठवणी घेऊनच काही मराठी घराणी देशावरून निघाली असतील. बाजीरावाने इंग्रजांचा आश्रय धरला आणि वसईच्या तहाने पेशवाई गहाण पडली. १८०४ च्या उन्हाळ्यापासून यशवंतरावांनी एकट्याने इंग्रजांशी युद्ध मांडले. मुकुंदऱ्याच्या खिंडीतून कर्नल मॉन्सनला त्यांनी असे पिटाळले की, वाटेत तोफा टाकून त्याला आग्रा गाठावा लागला.

पण त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला डीग येथे पारडे फिरले. महाराज घोडदळ घेऊन दुसरीकडे गेले होते आणि मागे राहिलेल्या पायदळाकडून ८७ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. चारच दिवसांनी फर्रुखाबादेस त्यांच्या घोडदळावरही छापा पडला. पुढे भरतपूरच्या तटाने लॉर्ड लेकचे चार हल्ले परतविले, तरी गेलेल्या तोफा काही परत आल्या नाहीत. पंजाबपर्यंत जाऊनही कोणी साथ दिली नाही तेव्हा १८०५ च्या डिसेंबरात बियास नदीकाठी राजघाटचा तह झाला.

तह झाल्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. यशवंतराव भानपुऱ्यास आले आणि त्यांनी कारखाना उभा केला. त्यांचा हिशेब सरळ होता. घोड्यावरून प्रदेश उजाड करता येतो, राखता येत नाही. आणि विकतच्या किंवा जिंकलेल्या तोफांवर राज्य चालत नाही. फौजेतील इंग्रज अधिकाऱ्यांवर विसंबण्याचे दिवसही संपले होते. त्यांपैकी तिघांनी स्वजातीयांविरुद्ध लढण्याचे नाकारले म्हणून महाराजांनी १८०४ मध्ये त्यांचा शिरच्छेद करविला होता. ते कृत्य क्रूरच होते. आता जे करावयाचे ते आपल्याच ओताऱ्यांच्या हातांनी.

पितळी तोफ म्हणतात ती वस्तुतः तांबे आणि कथील यांची. नऊ भाग तांब्याला साधारण एक भाग कथील. कथील कमी पडले तर तोफ मऊ राहते, जास्त झाले तर ठिसूळ होते. मातीचा साचा आवा भाजावा तसा भाजून कोरडा ठणठणीत करावा लागतो. त्यात ओल राहिली तर रस आत पडताच वाफ होऊन साचा फुटतो आणि जवळची माणसे होरपळतात. रस एकाच धारेत, न खंडता ओतावा लागतो. मध्येच धार तुटली की तेथे सांधा राहतो आणि पुढे तोफ तेथेच फाटते. तोफ निवाल्यावर जाणता ओतारी तिच्यावर हातोडी मारून कान लावतो. निर्दोष ओतीव घंटेसारखे घुमते, चिरलेले बद्द वाजते. माझे वडील तंबोरा पारखताना भोपळ्यावर टिचकी मारून असाच कान लावीत. तेव्हापासून ओताऱ्याचा तो कान मला परका वाटत नाही.

सर जॉन माल्कम हा यशवंतरावांचा मित्र नव्हे. परंतु मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात महाराज या कामात कसे बुडून गेले होते, स्वतः भट्टीवर कसे राबत, हे त्यानेच नोंदविले आहे. थोड्याच महिन्यांत सुमारे दोनशे तोफा तयार झाल्या. जोडीला नवी पलटणे, कवाईत, घोडदळाची नवी रचना हेही चालू होते. दिवसभर धग आणि रात्री मद्य, असा क्रम पडला. याच काळात बंधू काशीराव आणि पुतण्या खंडेराव यांचे मृत्यू घडले. त्यांचा संशय महाराजांवर आला आणि तो कधी फिटला नाही.

१८०८ साली बुद्धीचा तोल सुटला. कोणी म्हणाले भट्टीची उष्णता डोक्यात गेली, कोणी दारूला दोष दिला, कोणी पुतण्याच्या शापाला. त्यांना बांधून ठेवावे लागले. तीन वर्षे हा सिंह दोरखंडात राहिला आणि १८११ च्या ऑक्टोबरात भानपुऱ्यासच त्याची ज्योत मालवली. वय अवघे चौतीस. तेथेच त्यांची छत्री आहे.

तोफा मात्र राहिल्या. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला, क्षिप्रेच्या काठी, होळकरांच्या तोफखान्याने इंग्रजांच्या हलक्या तोफा निकामी केल्या आणि त्यांची पावणेआठशेच्या आसपास माणसे मारली वा जखमी केली. त्या दिवशी माल्कम स्वतः समोर होता. तोफांनी दगा दिला नाही. दगा दिला तो माणसांतील फुटीने. गादीवर अज्ञान बालक, आदल्याच दिवशी तुळसाबाईंचा वध झालेला, सरदार एकमेकांकडे संशयाने पाहणारे. सायंकाळपर्यंत साठांहून अधिक तोफा शत्रूने ओढून नेल्या.

पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह झाला आणि राजधानी इंदुरास आली. आपले हे शहर, त्यातील वाडे, आपल्या पूर्वजांच्या नेमणुका, सारे त्या तहानंतरच्या शांततेत वाढले. पेशवाईत पानसे म्हटले की तोफखाना आठवे. आमच्या इंदुरात पानसे म्हटले की नानासाहेबांचा पखवाज आठवतो. दरबारी गवयाचा मुलगा म्हणून मला हे कबूल केले पाहिजे की, आमच्या घरी जे अन्न शिजले ते तोफा थंडावल्या म्हणून शिजले. यशवंतरावांचा डाव साधला असता तर कदाचित येथे गाणे इतके रुजले नसते.

म्हणूनच त्यांना नुसते वेडा राजा म्हणून सोडून देणे मला कृतघ्नपणाचे वाटते. त्यांचे अपराध त्यांच्या नावावर राहोत. पण इतर संस्थानिक तनख्याचे आकडे मोजीत असता या एका डोळ्याच्या माणसाने ओळखले होते की, जे आपल्याला घडविता येत नाही त्याच्यावर आपली सत्ता चालत नाही. आपल्या मुलांना त्यांची गोष्ट सांगताना हडपसर सांगावे, भरतपूर सांगावे, आणि मग क्षणभर थांबून भानपुऱ्याची भट्टीही सांगावी.